कॅन्सर पसरवणारी आणि परत आणणारी प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास, उज्जैनच्या मराठी घरांतून हे प्रश्न सतत येत असतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, डॉक्टर हिंदीत समजावतात आणि घरी येऊन आईला तेच मराठीत सांगावं लागतं. या प्रवासात बरंच काही हरवतं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उपचार तुमचे कॅन्सरतज्ज्ञच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, ते मात्र इथून टिपून न्या.

१. डॉक्टर म्हणाले, "एक प्रोटीन वाढलेलं आहे, पसरण्याचा धोका आहे." मग डाळ, अंडी, पनीर बंद करायचं का?

नाही. उलट या काळात ते कमी पडता कामा नये. डॉक्टर ज्याबद्दल बोलतात ते प्रथिन गाठीतल्या पेशी स्वतः, आपल्या जनुकांच्या हुकमावर तयार करतात. ताटातल्या वरणाशी त्याचा संबंध नाही. खाल्लेली प्रथिनं आतड्यात सुटी होऊन अमिनो आम्लं बनतात आणि त्यांतूनच जखम भरते, रक्तपेशी तयार होतात. उपचार चालू असताना दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम आणि जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८. सकाळी नुसते पोहे खाल्ले तर पोट भरतं, पण प्रथिनं फारच थोडी जातात. सोबत दही, उकडलेलं अंडं किंवा मोड आलेली मटकी द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

२. गाठ एका जागी असते. ती पसरते कशी, आणि यात प्रथिनांचं काम काय?

पेशीला जागा सोडायची तर आधी शेजारणीचा हात सोडावा लागतो. तो हात म्हणजे ई-कॅडहेरिन. निरोगी स्तननलिकेच्या स्लाइडवर हे प्रथिन रंगवलं की प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, मधाच्या पोळ्याच्या घरांसारखी. लोब्युलर प्रकारच्या स्तनकर्करोगात ती रेघच नसते. पेशी सुट्या होऊन एकामागे एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या ऊतीत शिरलेल्या दिसतात. म्हणूनच या प्रकारात बऱ्याचदा हाताला घट्ट गाठ लागत नाही आणि मॅमोग्राफीतही तो कधीकधी निसटतो.

हात सुटला की पुढचा अडथळा म्हणजे पेशींखालचा पडदा. तो मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचा असतो आणि एमएमपी-२ व एमएमपी-९ ही विकरं (एन्झाइम) तो कातरतात. स्नेल, ट्विस्ट, झेब-१ अशी नियंत्रक प्रथिनं ई-कॅडहेरिन बंद करून पेशीला फिरती बनवतात. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतं. इतकं होऊनही रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. नव्या जागी रुजणं हा सगळ्यांत अवघड टप्पा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

३. स्तनाचा कॅन्सर हाडात, आतड्याचा यकृतात, असं ठरल्यासारखं का जातो?

अर्धं कारण रस्त्याचं आहे. आतड्याचं रक्त आधी यकृतातच जातं, त्यामुळे तिकडे निघालेल्या पेशी तिथेच अडकतात. उरलेलं कारण जमिनीचं. इंग्लंडचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बी आणि जमीन अशी मांडणी केली, आणि पुढे प्रथिनांनी ती खरी ठरवली. स्तनकर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा ग्राहक (संदेश पकडणारं प्रथिन, रिसेप्टर) असतो, तर त्याला जुळणारं सीएक्ससीएल-१२ अस्थिमज्जा, फुप्फुस आणि यकृतात भरपूर असतं.

हाडात पोहोचलेल्या पेशी पीटीएचआरपी सोडतात, त्यामुळे रँक-लिगँड वाढतं, त्यानं हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि हाड विरघळलं की त्यातली वाढीची द्रव्यं पुन्हा गाठीलाच पोसतात. डेनोसुमॅब हे इंजेक्शन रँक-लिगँडलाच धरतं. झोलेड्रॉनिक आम्ल हाड खाणाऱ्या पेशींना थोपवतं. ही औषधं सुरू करण्यापूर्वी दंतवैद्यांकडे जाऊन या. किडलेला दात आधी काढून जखम भरू द्या, कारण औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं. रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही आधी तपासून घ्यावं.

४. बायोप्सीची सुई लावली किंवा ऑपरेशनमध्ये गाठीला हवा लागली की कॅन्सर पसरतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

हवेचं तर अजिबात खरं नाही. पसरायला प्र. २ मधली सगळी हत्यारं लागतात, ती सुईमुळे तयार होत नाहीत. ऑपरेशननंतर लवकरच आजार दिसला तर तो बहुतेक वेळा आधीच पसरलेला, पण स्कॅनमध्ये न दिसणारा असतो.

अपवाद आहेत आणि ते माहीत असावेत. वृषणाच्या गाठीला अंडकोषाच्या कातडीतून सुई घालत नाहीत. अंडाशयापुरती असलेली संशयास्पद गाठ न फोडता पूर्ण काढतात. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा थोडा धोका असतो, म्हणून तिथे स्कॅन स्पष्ट असेल तर बायोप्सी टाळतात. या भीतीपोटी स्तनाच्या किंवा तोंडाच्या गाठीची बायोप्सी महिनोन्‌महिने लांबवणं मात्र खरंच घातक आहे.

५. आयएचसी रिपोर्टातले ईआर, पीआर, हर-२, की-६७ कसे वाचायचे?

आयएचसी म्हणजे ऊतीच्या ३-४ मायक्रॉन जाडीच्या कापावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सोडून रंग आणणं. तपकिरी रंग आला म्हणजे प्रथिन आहे. पण रंग कुठे आला तेही पाहावं लागतं. ईआर, पीआर आणि की-६७ पेशीच्या केंद्रकात दिसायला हवेत, हर-२ पेशीच्या कडेला.

ईआर, पीआर हे संप्रेरकांचे ग्राहक. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह म्हणतात, पण १ ते १० टक्के हा "लो पॉझिटिव्ह" गट वेगळा. त्यातल्या अनेक गाठी निगेटिव्हसारख्या वागतात, तेव्हा आकडा विचारा, नुसतं "पॉझिटिव्ह" ऐकून उठू नका. हर-२ वाढीचा संदेश घेणारं प्रथिन आहे. साधारण १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत ते अतोनात असतं. अशा गाठी लवकर पसरतात, पण त्यांच्यावर नेमकं औषधही आहे (प्र. ६). की-६७ विभाजनाच्या तयारीतल्या पेशी दाखवतं. ५ टक्के किंवा कमी, आणि ३० टक्के किंवा जास्त, हे आकडे भरवशाचे. मधल्या पट्ट्यात दोन अनुभवी तज्ज्ञांची मोजणीही जुळत नाही. १८ टक्के आणि २२ टक्के यांतल्या फरकावर झोप घालवू नका.

६. हर-२ "२+" आलाय. म्हणजे आहे की नाही?

अजून ठरलेलं नाही, आणि या अवस्थेत उपचार ठरवूही नये. ०, १+, २+, ३+ अशा चार पायऱ्या असतात. १० टक्क्यांहून जास्त पेशींच्या पूर्ण कडेला गडद रंग असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ असेल तर त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या नमुन्यावर) फिश (FISH) तपासणी करतात. तिच्यात हर-२ जनुकाच्या प्रती मोजतात. जनुक आणि त्याच गुणसूत्राची खूण यांचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि दर पेशीत सरासरी ४ किंवा जास्त प्रती, असं असेल तर पॉझिटिव्ह. पुन्हा सुई लावावी लागत नाही.

पॉझिटिव्ह आल्यास हर-२ ला अडवणारं ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर, बहुधा दर तीन आठवड्यांनी देतात. त्यानं सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजाराची पुनरावृत्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. ते हृदयाला थकवू शकतं, म्हणून आधी आणि मग दर तीन महिन्यांनी इको करायचा. एक बारकावा : १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असलेल्या पसरलेल्या आजाराला आता "हर-२ लो" म्हणतात आणि त्यासाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान हे वेगळं औषध आहे. त्यामुळे जुना रिपोर्ट "निगेटिव्ह" म्हणून टाकून देऊ नका.

७. एका लॅबमध्ये ईआर निगेटिव्ह, दुसरीत पॉझिटिव्ह. कोणावर विश्वास ठेवायचा?

आधी नमुन्याचं काय झालं ते शोधा. चूक बहुतेकदा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते.

गाठ शरीराबाहेर आली की प्रथिनं बिघडायला लागतात. तासाभरात ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडली पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिली पाहिजे. फॉर्मेलिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. संपूर्ण स्तन न कापता बादलीत ठेवला तर बाहेरचा थर टिकतो आणि मधली गाठ, जिची तपासणी करायची, तीच आतून सडते. म्हणून मोठ्या नमुन्याला ५ ते १० मिलिमीटरच्या अंतराने काप द्यावे लागतात. द्रव नमुन्याच्या दहापट हवा.

लहान नर्सिंग होममध्ये बरणी नातेवाइकांच्याच हातात देऊन "लॅबमध्ये पोहोचवा" असं सांगतात. अशा वेळी तिथेच उभं राहून तीन गोष्टी पाहा. बरणीत सलाइन किंवा स्पिरिट नाही, फॉर्मेलिनच आहे. तुकडा पूर्ण बुडालेला आहे, दाबून कोंबलेला नाही. आणि लेबलवर रुग्णाचं नाव, कुठल्या बाजूचा अवयव, गाठ काढल्याची वेळ व फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली आहे. बरणी उघडून वास घेऊ नका, वाफ डोळ्याला आणि घशाला लागते. ऑपरेशन रंगपंचमी किंवा दिवाळीच्या आदल्या दिवशी असेल तर लॅब उघडी आहे का ते आधीच विचारा. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी इंदूरच्या राजवाड्याकडच्या भागात वाट मिळत नाही आणि ७२ तासांची मर्यादा सुट्ट्यांत सहज ओलांडते.

मग दोन्ही स्लाइड एका तिसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. ते त्याच कापातल्या निरोगी स्तननलिकांकडे पाहतील. निरोगी नलिकांतल्या काही पेशी ईआरला रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील तर तो "निगेटिव्ह" धरायचा नाही, तपासणी फसली असं समजून दुसऱ्या ब्लॉकवर ती पुन्हा करायची.

८. दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचंय. ब्लॉक कसा न्यायचा?

लॅबला लेखी अर्ज देऊन मेणाचे ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड आणि मूळ रिपोर्टची प्रत मागा. ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथेच ताडून पाहा. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात पोहोचल्यावर क्रमांक जुळत नाही म्हणून अख्खा फेरा वाया जातो. स्लाइड प्लास्टिकच्या खाचांच्या डबीत आणि ब्लॉक कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडू शकतं, तर फ्रीजरमध्ये ठेवल्यास तडकू शकतं. अवंतिका एक्सप्रेसने जात असाल तर डबी हातातल्या पिशवीत राहू द्या. लॅबनं न रंगवलेल्या कोऱ्या स्लाइड दिल्या असतील तर त्या कापल्याची तारीख विचारा. सहा आठवड्यांपेक्षा जुन्या कापावर प्रथिनांचा रंग फिका येतो. ब्लॉक एकच असेल आणि तुकडा छोटा असेल तर आधीच सांगा, म्हणजे तपासण्यांचा क्रम ठरवून काप वाचवता येतील.

९. पाच वर्षं झाली. आता सुटलो ना?

आजाराच्या प्रकारावर आहे. ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह असलेला स्तनकर्करोग परत यायचा तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत येतो, पाच वर्षांनंतर धोका खूपच उतरतो. ईआर पॉझिटिव्हचं उलट. त्यातल्या जवळजवळ अर्ध्या पुनरावृत्ती पाच वर्षांनंतरच्या असतात.

कारण झोपलेल्या पेशी. अस्थिमज्जेत पोहोचलेली एखादी पेशी विभाजन थांबवून वर्षानुवर्षं पडून राहते. तिच्यात ईआरके हे वाढीचं आणि पी-३८ हे थांबण्याचं प्रथिन, यांचा तोल पी-३८ कडे झुकलेला असतो. केमो मुख्यतः विभाजन करणाऱ्या पेशींना मारते, म्हणून ही सुटते. ईआरला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी तिला उठू देत नाही. पाच वर्षांच्या गोळीनं पुनरावृत्ती सुमारे ४० टक्क्यांनी घटते, काहींना ती दहा वर्षं देतात. अडचण अशी की बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कित्येक जणी गोळी आपणच सोडतात. गरम वाफा, सांधेदुखी असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. मनाच्या उदासीसाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर तेही सांगा, कारण या गोळ्या टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम रूपात बदलू देत नाहीत. पाळीत नसताना रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा.

१०. दर तीन महिन्यांनी सगळे कॅन्सर मार्कर करून घेतले तर पुनरावृत्ती लवकर कळेल ना?

सगळे नाही. मार्कर म्हणजे गाठीतून रक्तात उतरणारं, मोजता येणारं द्रव्य. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए हा मार्कर पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि मग पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी करण्यात अर्थ आहे, कारण यकृतातली एखादी गाठ वेळेत सापडली तर ती काढता येते. ऑपरेशनपूर्वीचा आकडा नसेल तर पुढचे आकडे कशाशी ताडणार, म्हणून तो जरूर घ्या. प्रोस्टेट काढल्यानंतर त्याचा मार्कर पीएसए ०.२ किंवा जास्त आणि तो पुन्हा तपासूनही तसाच, म्हणजे पुनरावृत्ती. इथे रेडिएशनचा, आपल्याकडच्या बोलीत सिकाईचा, नियम निराळा : सर्वांत खाली गेलेल्या आकड्यावर २ ची वाढ.

स्तनकर्करोगाचे उपचार संपलेल्या आणि त्रास नसलेल्या बाईला सीए १५-३ हा मार्कर वारंवार करायची गरज नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तर थेट चाचणीच झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. सीए-१२५ हा मार्कर वाढताच केमो सुरू केलेल्या स्त्रिया त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. फक्त केमो लवकर सोसावी लागली. तपासणीआधी विचारायचा प्रश्न एकच : आकडा वाढला तर तुम्ही काय वेगळं कराल?

११. सीईए ३.१ चा ४.६ झाला. परत आला का?

एका वाढीवरून नाही म्हणता येत आणि हो सुद्धा. आधी लॅब तीच होती का पाहा, वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए ५ पर्यंत असू शकतो. यकृताचा आजार, आतड्याची सूज आणि ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो चालू असणं यांनीही तो चढतो. तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. चढतच असेल तर छाती-पोटाचा सीटी आणि गरजेप्रमाणे कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी). सीए-१२५ बाबत आपल्याकडे एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी : पोटाचा टीबी तो शेकड्यांत नेतो, पोटात पाणीही होतं, आणि चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कॅन्सरसारखं दिसतं. ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय निदान करू नये. पाळी आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही हा आकडा ३५ च्या वर जातो.

१२. मार्कर नॉर्मल होता, तरी स्कॅनमध्ये आजार दिसला. असं कसं?

काही गाठी ते प्रथिन सोडतच नाहीत. पहिल्या निदानाच्या वेळीच मार्कर नॉर्मल असेल तर पुढे त्याच्या भरवशावर राहू नका. ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा मार्कर) जन्मतःच बनत नाही, कारण त्यांचा लुईस रक्तगट निगेटिव्ह असतो. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये थायरोग्लोब्युलिन करताना त्याविरुद्धची प्रतिपिंडंही तपासावी लागतात. ती असली तर आकडा खोटा खाली दिसतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही काही मशीनवर असाच गोंधळ करतात. रक्त देण्याआधी तीन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

१३. बाबांना गुटख्यामुळे गालाचा कॅन्सर झालाय. त्यांच्यासाठी कुठलं प्रोटीन तपासायचं?

पहिल्या उपचारासाठी बहुतेकदा कुठलंच नाही. कुणी पी-१६ हे प्रथिन सुचवतं, पण ते टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडच्या, विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरसाठी आहे. तिथे ७० टक्के पेशी गडद रंगल्या तर भवितव्य बरं असतं. गाल, हिरडी आणि पुढच्या जिभेच्या कॅन्सरमध्ये त्या निकालावर विसंबता येत नाही. इथे रिपोर्टात शोधायचं ते असं : गाठ किती मिलिमीटर खोल गेली, कडा ५ मिलिमीटर मोकळी आहे का, मज्जातंतूला पकडलंय का, मानेतल्या ग्रंथी फोडून आजार बाहेर आलाय का. मानेला गाठ लागत नसली तरी तिथल्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ सालच्या चाचणीनं दाखवलं : तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत, थांबून नंतर काढलेल्यांत ६७.५ टक्के. आजार परत आला किंवा पसरला तर मात्र पीडी-एल-१ तपासतात. ते प्रथिन आपल्या प्रतिकारपेशींना ब्रेक लावतं, आणि १ किंवा जास्त गुण आल्यास इम्युनोथेरपीचा (प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचा) विचार होतो.

१४. आतड्याच्या रिपोर्टात "एमएलएच-१ आणि पीएमएस-२ लॉस" आहे. प्रथिन नाही म्हणजे चांगलं की वाईट?

दोन्ही. ही डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत. ती नसली की चुका साठतात, पण त्याच चुकांमुळे गाठ प्रतिकारशक्तीच्या नजरेत येते. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात (स्टेज २) अशा गाठी कमी परततात आणि नुसती ५-एफयू या औषधाची केमो त्यांना उपयोगी पडत नाही. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी चांगली लागू पडते.

ही दोन प्रथिनं जोडीनं जातात, एमएलएच-१ शिवाय पीएमएस-२ टिकत नाही. उतारवयात हे बहुधा आनुवंशिक नसतं, म्हणून आधी बीआरएएफ जनुकातला बदल किंवा मिथायलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) यांची तपासणी करतात. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ गेलेले असतील तर लिंच सिंड्रोमचा (आतड्याच्या कॅन्सरच्या आनुवंशिक दोषाचा) संशय बळावतो. मग मुलं आणि भावंडांचंही समुपदेशन व्हायला हवं, कारण ज्यांच्यात तो दोष निघेल त्यांची कोलोनोस्कोपी बहुधा २०-२५ व्या वर्षापासून दर १-२ वर्षांनी करतात.

१५. आधी ईआर पॉझिटिव्ह होता, आता हाडातल्या गाठीत निगेटिव्ह म्हणतात. प्रथिन बदलतं?

बदलू शकतं. उपचारांतून तगलेल्या पेशी मूळ गाठीसारख्याच असतील असं नाही, म्हणून परतलेल्या आजाराची शक्य तिथे नवी बायोप्सी करावी. पण हाडाचा तुकडा असेल तर आधी एक शंका घ्या. हाड कापता यावं म्हणून ते तीव्र आम्लात मऊ करतात, आणि त्यात ईआर, हर-२ दोन्ही पुसली जातात, फिशही फसते. लॅबला सांगून ईडीटीए या सौम्य द्रावणात मऊ करून घ्या, वेळ जास्त लागतो पण प्रथिनं टिकतात. जमत असेल तर यकृत किंवा ग्रंथीतून नमुना घेणं बरं.

१६. पसरणंच थांबवणारं औषध आहे का? व्हॉट्सॲपवर एमएमपी बंद करणारं चूर्ण आलंय.

प्रयोग जुना आहे. एमएमपी रोखणारी औषधं १९९० च्या दशकात माणसांवर तपासली गेली. आयुष्य वाढलं नाही, सांधे मात्र आखडले. याच विकरांतली काही शरीराचं रक्षणही करतात, आणि निदान होईपर्यंत कातरण्याचं काम बऱ्याचदा होऊन गेलेलं असतं. पसरणं दाबणारी जनुकं आपल्यात आहेत, त्यातलं पहिलं, एनएम-२३, १९८८ साली सापडलं. त्याच्यावर बेतलेली गोळी अजून दवाखान्यात आलेली नाही. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब वापरात आहे, पण ते जखम भरू देत नाही, म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. चूर्ण घेत असाल तर त्याचं पाकीट पुढच्या तपासणीला सोबत न्या. काही वनस्पती यकृतातल्या विकरांना छेडतात आणि त्यामुळे केमोची रक्तातली मात्रा वरखाली होते.